जॅक गेला का, हे कुणी विचारलंच नाही

मी एक जुना जॅक आहे. मित्रांनो, उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात बसली की तिच्या आसाखाली मला ठेवतात, दांडा फिरवतात, आणि मी इंचाइंचानं वर येत सगळं ओझं डोक्यावर घेतो. माझ्या अंगावर 'दहा टन' असं ओतलेलं आहे. तेच माझं नाव समजा.

माझ्यासारख्यानं आपली गोष्ट जन्मापासून सांगावी, अशी रीत आहे. मीही तशीच सांगायला बसलो होतो. पण माझ्या बुडाशी एक तांबडा डाग आहे. गुटख्याच्या थुंकीचा. जन्म आठवायला घेतला तरी आधी तोच आठवतो, आणि किळस येते.

पण त्याच्याबद्दल नंतर. क्रम मोडायचा नाही. पुढं जे घडलं ते क्रम मोडल्यामुळंच घडलं.

जन्म

पंजाबातल्या एका ओतशाळेत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. माझ्या पोटात आटे पाडले, अंगाला काळा रंग दिला, पेंढ्यात गुंडाळून ट्रकात टाकलं. उतरलो तो थेट ढोकीला. साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला माणिकप्पांचं ट्रॉली दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. पुढं वर्कशॉप, मागं त्यांचं घर आणि अंगण. माणिकप्पांनी मला पेंढ्यातून काढलं, दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि म्हणाले, "वजन हाय. टिकंल."

माझं बालपण एवढंच.

चाकरी

मी आलो त्याच्या थोड्याच वर्षांनी बुद्धघोष कामाला आला. तेव्हा तो विशीत होता. आता त्याच्या कानांवरचे केस पांढरे झालेत. चोवीस वर्षं मला त्याचाच हात माहीत आहे. दुसरा कुणी दांडा फिरवायला लागला की मी करकरतो. तो फिरवायचा तेव्हा मी गुपचूप वर यायचो.

रोज संध्याकाळी तो मला चिंधीनं पुसायचा. आट्यांमध्ये तेलाचे तीन थेंब सोडायचा. दोन नाही, चार नाही. मग मागच्या दाराजवळच्या फळीवर मला ठेवायचा. त्या फळीवर माझ्या बुडाचा गोल वण पडला होता. मी जागेवर आहे की नाही, हे आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं.

एकदा ऐन हंगामात माणिकप्पा ट्रॉलीखाली होते आणि लाकडी ठोकळा सरकला. ट्रॉली त्यांच्या मांडीवर येत होती. बुद्धघोषनं मला ढकलून आत घातलं आणि दांडा असा फिरवला की त्याच्या तळहाताची साल निघाली. माणिकप्पा वाचले. त्या वर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडली तेव्हा त्यांनी मला मधोमध बसवलं. सगळ्यांना एक झेंडू, मला हार.

तेव्हा बुद्धघोष हसत म्हणाला होता, "मालक, मी नोकरी सोडून गेलो तर ह्या जॅकला संगं नेणार बघा. ह्याला माझ्याच हाताची सवय हाय."

माणिकप्पा म्हणाले, "ने की. पण मला बी ने मग. मला बी तुझीच सवय हाय."

सगळे हसले. ही थट्टा पुढं दर खंडेनवमीला व्हायची. माणिकप्पांचा मुलगा शिवराज तेव्हा लहान होता, बुद्धघोषला 'दादा' म्हणायचा, आणि तोही टाळ्या पिटायचा. मला फार बरं वाटायचं. आपल्याला कुणी संगं न्यावं, इतकं आपण कुणाला हवे आहोत, हे ऐकायला लोखंडालाही आवडतं.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्यावर पुढं पानं खर्ची पडली.

उंबरा

माणिकप्पा गेले त्याला पाच वर्षं झाली. शिवराज मालक झाला. 'दादा'चा 'बुद्धा' झाला. तेलाच्या दाबावर चालणारे दोन नवे जॅक आले आणि मी फक्त जड ट्रॉल्यांसाठी उरलो. पण घरातला एक नियम तसाच राहिला. तो माणिकप्पांच्या बायकोचा, गजराबाईंचा होता. शनिवारी लोखंड उंबऱ्याच्या आत येणार नाही. खिळा नाही, विळा नाही, सुईसुद्धा नाही. शनी मागं लागतो. त्यामुळं शनिवारी वर्कशॉपही बंद.

हा नियम मला तोवर कधी नडला नव्हता. शनिवारी मी फळीवर पडून राहायचो.

आता जे झालं ते झालं तसं सांगतो. सगळं सांगायला मला चार ओळी लागतील. माणसांना चार दिवस लागले.

शुक्रवारी संध्याकाळी, वर्कशॉप बंद झाल्यावर, शिवराजचे दाजी आले. आबाराव. मुरुमला त्यांचं बियाण्याचं दुकान आहे. अंगणात त्यांच्या जीपचं चाक बसलेलं दिसलं. ते घरातून मागच्या दारानं वर्कशॉपमध्ये आले, मला उचललं आणि घेऊन गेले. विचारलं नाही. घरचा जावई कुणाला विचारतो? चाक बदललं, मला पोत्यात गुंडाळलं आणि जीपमध्ये टाकलं.

शनिवारी सकाळी निघताना त्यांना माझी आठवण झाली. पोतं हातात धरून ते उंबऱ्यापाशी आले.

आतून गजराबाईंनी विचारलं, "जावईबापू, काय हाय पोत्यात? खणखणालंय."

"लोखंड हाय मामी. आत ठेवतो."

"अगं बया! आज शनिवार न्हाय का? ऱ्हाऊ द्या भाईरच. ठेवा तिकडं कुठं बी."

त्यांनी पोत्यात डोकावूनही पाहिलं नाही. आबारावांनी मला अंगणातल्या गव्हाणीत ठेवलं. घरची गाय मागंच विकली होती, सिमेंटची गव्हाण रिकामीच असायची. वरून कडुनिंबाचा पाला गळत होता. जीप सुरू झाली, मुरुमच्या दिशेनं गेली. संध्याकाळपर्यंत मी पाल्याखाली झाकला गेलो.

झालं. एवढंच घडलं.

प्रश्न दुसरा

हो, दुसराच. पहिला प्रश्न त्यांनी विचारला नाही, मग मी तो आधी कुठून आणू?

रविवारी सकाळी शिवराज वर्कशॉपच्या मागच्या दारात उभा राहून ओरडला. त्याचा आवाज मला गव्हाणीत स्पष्ट ऐकू आला.

"बुद्धा, जॅक कुठंय?"

"फळीवर ठेवलाय की मालक. परवाच."

"फळीवर न्हाय."

"मग आत कुठं असंल. बघतो."

"तू काय बघणार? तूच म्हणायचास ना, जाताना संगं नेणार म्हणून?"

बुद्धघोष हसला. त्याला वाटलं, खंडेनवमीची थट्टा चाललीय. थट्टेला हसणं ही त्याची चूक झाली. दुसऱ्या दिवशी ते हसणं कागदावर लिहिलं गेलं.

त्यानं वर्कशॉपचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. अंगणात मात्र तो आला नाही. अंगणात येऊन बसायची त्याला सवयच नव्हती. त्याचा चहासुद्धा चोवीस वर्षं वर्कशॉपच्या दारातच यायचा. घरातल्यांना स्टीलचे पेले आणि त्याला कागदी कप.

शिवराजनं तक्रार दिली म्हणून सोमवारी पोलीस चौकीतले गोरोबा जमादार आले. माणूस वाईट नव्हता. मला वाईट माणसाची इतकी किळस येत नाही. वाईट माणूस निदान मेहनत घेतो. जमादारांना बसायला बाज दिली तर ती करकरली, म्हणून ते उठून गव्हाणीच्या काठावर बसले. माझ्यापासून एक वीत अंतरावर. मांडीवर कागदाचं पॅड घेतलं, गालात गुटखा धरला आणि विचारलं,

"हां. का नेला असंल त्यानं?"

मित्रांनो, ऐकलंत? 'गेला का' नाही. 'कुणी नेला' नाही. 'शेवटचा कुणी पाहिला' नाही. पहिल्याच फटक्यात 'का'.

शिवराजकडं 'का'ची कमी नव्हती. बुद्धघोष तामलवाडीला हमरस्त्याच्या कडेला स्वतःचं दुकान टाकणार होता. एका हॉटेलवाल्यानं त्याला शेडसाठी जागा द्यायची कबूल केली होती, येत्या गुरुवारी कागद होणार होता. दुकानाला जॅक लागतोच. शिवाय ते संगं नेण्याचं वाक्य, ते तर गावाला माहीत.

"कुलूप?" जमादारांनी विचारलं.

"तसंच व्हतं. किल्ली माझ्याकडं."

"म्हंजी आतल्याच माणसाचं काम." जमादार समाधानानं म्हणाले आणि मागं वळून थुंकले.

ती पहिली थुंकी. ती माझ्या पोत्यावर पडली.

कागद

दुपारी जमादार दोन पंचांना घेऊन बुद्धघोषच्या घरी जाऊन आले, आणि पुन्हा त्याच काठावर बसून त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. मी ऐकलं तसं तुम्हाला सांगतो. मधे मधे मला राहवलं नाही, ते माफ करा.

सदर इसमाच्या राहत्या घराची झडती घेतली असता पत्र्याच्या पेटीत एक कागद मिळून आला. त्यावर 'पंचशील ट्रॉली वर्क्स' असे पाटीचे चित्र पेनने काढलेले.

(पाटीचं चित्र मिळालं. जॅक मिळाला का?)

तसेच अवजारांच्या दुकानाचे एक रंगीत पत्रक मिळून आले. त्यात जॅकच्या चित्राभोवती गोल केलेला.

(जो जॅक चोरून आणलाय त्याच्यासारखाच दुसरा विकत घ्यायला कोण गोल करून ठेवतो?)

एक तेलकट चिंधी मिळून आली.

(ती माझी. तिच्यानंच तो मला पुसायचा.)

सदर इसम मालकाकडे नोकरीस असून, वस्तू पूर्वीपासून सोबत नेण्याचा उद्देश त्याने अनेकदा लोकांसमक्ष बोलून दाखविला आहे. विचारले असता इसम हसला.

पंचांनी सही करायला पॅड मागितलं. एकानं ते टेकवण्यासाठी गव्हाणीच्या काठावर जागा केली. त्याचा हात पाल्याला लागला. पाला सरकला, पोत्याचा कोपरा उघडा पडला. त्यानं तो पाहिला. हात झटकला. सही केली.

"लय घाण हाय इथं," तो म्हणाला.

होती. पण ती गव्हाणीत नव्हती.

प्रश्न तिसरा

मंगळवारी प्रश्न पुढं सरकला. आता विचारणं चालू होतं, 'कुठं विकला?'

बुद्धघोषला अंगणात बोलावलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या कडुनिंबाखाली आला. त्याला उभंच ठेवलं.

"म्या न्हाय नेला साहेब," तो म्हणाला.

"दुकान टाकायचंय ना?"

"टाकायचंय."

"जॅक लागतो ना?"

"लागतो."

"संगं नेईन म्हणला व्हतास ना?"

"म्हणलो व्हतो. पर..."

"आता पर काय राहिलं?" जमादारांनी शिवराजकडं पाहिलं. "सगळं त्याच्याच तोंडानं आलंय. दुकान टाकायचं व्हतं, जॅक पायजे व्हता, जॅक गेला. सरळ हाय." आणि ते थुंकले.

सरळ! माणसाच्या मनात शिरून ते सगळी कपाटं उघडून आले होते. स्वतःच्या बुडाखालचं पोतं मात्र त्यांनी उघडलं नाही.

शिवराजनं मग उदारपणा दाखवला. तो उदारपणा मला थुंकीपेक्षा जास्त झोंबला. तो म्हणाला, "बुद्धा, जुना माणूस हायस. मला केस करायची न्हाय. उद्या धा वाजंपर्यंत जॅक आणून ठेव आन् चूक झाली म्हण. मी विसरून जाईन."

"आन् न्हाय आणला तर," जमादार म्हणाले, "नोकर असून मालकाचंच नेलं की शिक्षा जास्त असते. चोर म्हणून एकदा नाव लागलं की तामलवाडीचा हॉटेलवाला तर काय, या जिल्ह्यात कुणी तुझ्या हातात पान्हा देणार न्हाय."

 बुद्धघोष खाली पाहत उभा राहिला. त्याची नजर गव्हाणीच्या पायथ्याशी होती. अजून एक हात वर आली असती तर...

पण ती वर आली नाही. शरमेनं खाली गेलेली नजर लवकर वर येत नाही. आणि शरम कशाची? त्यानं काहीच केलं नव्हतं. शरम त्याला दिली गेली होती, कागदी कपासारखी, आणि त्यानं ती मुकाट हातात घेतली.

बुधवार

बुधवारी जमादार आणि पंच येऊन बसले होते. दहाच्या आधी बुद्धघोष आला. त्याच्या खांद्यावर जॅक होता.

नवा, निळा, चकचकीत. दुकानासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून त्यानं तो घेतला होता. ज्याच्या चित्राभोवती गोल केला होता, तोच असावा. त्यानं तो जमिनीवर ठेवला.

"हा घ्या मालक. मिटवा."

जमादारांनी वाकून पाहिलं. "हा तर नवा हाय."

"तोच समजा."

जमादारांनी थोडा विचार केला आणि पेन काढलं. "हरकत न्हाय. रंग मारून ओळख पुसायचा प्रयत्न केला, असं लिहितो."

मित्रांनो, माझ्या डोक्यावर दहा दहा टन बसले आहेत. तेव्हा कधी मी मोडेन असं वाटलं नाही. त्या वाक्यानं वाटलं. जी चोरी झाली नाही तिचा माल आता हजर होता, तिची कबुली तयार होती, आणि पुरावा नष्ट करायचा प्रयत्नही वर जोडला जात होता. आणि मी, चोरीला गेलेला, त्यांच्या पायाशी थुंकीत भिजत पडलो होतो. मला तोंड नाही. असतं तर मी ओरडलो असतो.

तेवढ्यात फाटक वाजलं. बुद्धघोषची बायको संघप्रिया आली. ती आशाताई आहे, गावात घरोघर फिरते. खांद्याला औषधांची पिशवी तशीच होती.

"अहो, काय देताव हे?" ती नवऱ्याला म्हणाली.

"जाऊ दे. उद्या कागद हाय तामलवाडीचा. मिटवून टाकतो."

"काय मिटवताव? नेलाच न्हाय तर परत कसा देताव? आज हा द्याल. उद्या हेच म्हणतील, चोर व्हता, म्या सोडला."

"वहिनी, तुम्ही मधी पडू नका," शिवराज म्हणाला. "आमी केस करत न्हाय म्हणालाव ना?"

"करा की भाऊ. पर आधी मला एक सांगा. जॅक शेवटचा कुणी बघितला?"

जमादारांनी पॅडवर पेन आपटलं. 

"ताई, तो प्रश्न न्हाय," जमादार म्हणाले. "ह्याच्या मनात जॅक न्यायचं व्हतं, हे सिद्ध झालंय."

"मनात!" संघप्रियानं पिशवी खाली ठेवली. "साहेब, माझ्या मनात रोज येतं, ह्यांना सोडून माहेरी जावं. वीस वर्षं झाली. गेले का? ही काय, तुमच्यासमोर उभी हाय."

एक पंच हसला आणि लगेच गप्प झाला.

"आमच्या कामात," ती पुढं म्हणाली, "बाई म्हणली पोराला ताप हाय, तर आमी आधी थर्मामीटर लावतो. ताप हाय का ते आधी. कशानं आला ते मग. तुम्ही थर्मामीटर न लावता चार दिवस तापाचं कारण शोधालाव. जॅक घरातून भाईर गेला, हे कुणी बघितलं? ह्यांच्या हातात कुणी बघितला? कुलूप तुटलं?"

"कुलूप न्हाय तुटलं. म्हणूनच म्हणतो, आतला माणूस."

"बरं. आतला माणूस. ह्यांच्याकडं किल्ली न्हाय. मागचं दार तर घरात उघडतंय. मग शुक्रवारी घरात कोण कोण व्हतं?"

"आमीच," शिवराज म्हणाला. "मी, आई. आन् दाजी आले व्हते."

"दाजींना विचारलं?"

शिवराज एकदम तापला. "दाजींवर आळ घेता?"

"आळ न्हाय हो भाऊ. फोन करा म्हणलं."

उंबऱ्यात उभ्या असलेल्या गजराबाई म्हणाल्या, "जावयाला असलं विचारतेत का कुठं? काय म्हणतील ते?"

"काकू," संघप्रिया म्हणाली, "माझ्या नवऱ्याला चार दिवस विचारालाव. ते काय म्हणाले, ते कुणी ऐकलं का?"

गजराबाईंनी पदर तोंडाशी नेला. शिवराजनं जमादारांकडं पाहिलं. जमादारांनी खांदे उडवले. अखेर शिवराजनं फोन लावला, आणि संघप्रिया म्हणाली म्हणून आवाज मोठा केला.

प्रश्न पहिला

"हां, बोला शिवराज."

"दाजी, ते... सहज विचारतो. शुक्रवारी तुम्ही आपला जुना जॅक बघितला व्हता का?"

"बघितला म्हंजी? मीच घेतला की. जीपचं चाक बसलं व्हतं. का, काय झालं?"

"मग... कुठंय तो?"

"अरे, शनिवारी सकाळी आणला परत. मामींनी आत येऊ दिला न्हाय, शनिवार म्हणून. गव्हाणीत ठेवला बघ, पोत्यात. अजून तिथंच हाय का काय?" फोनमधून हसण्याचा आवाज आला. "चार दिवस कुणी बघितलं बी न्हाय?"

जमादार गव्हाणीवरून उठले. इतक्या घाईनं त्यांना मी कधी उठताना पाहिलं नव्हतं.

पाला बाजूला करून मला बाहेर काढलं ते बुद्धघोषनंच. दुसरं कुणी पोत्याला हात लावायला तयार नव्हतं, इतकं ते घाण झालं होतं.

नंतर

आता माफी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

शिवराज हसला. "दाजींची बी कमाल हाय!" पंच हसले. गजराबाईही हसल्या, "मला काय ठाव, पोत्यात जॅक हाय म्हणून?" विचारल्याशिवाय नेलेली वस्तू जावयानं नेली की ती कमाल होती. न नेलेली वस्तू नोकराच्या नावावर चोरी होती. नेलं एकानं, आणि मन तपासलं दुसऱ्याचं. एकाचा हात आणि दुसऱ्याचं मन जोडून त्यांनी एक चोर तयार केला होता, आणि आता तो नाहीसा झाल्यावर सगळ्यांना गंमत वाटत होती.

जमादारांनी पॅड मिटलं. "चला, मिटलं. तक्रार मागं घेतली, असं लिहितो."

"न्हाय," संघप्रिया म्हणाली. "मागं घेतली म्हंजी चोरी झाली ती माफ केली. चोरी झालीच न्हाय, असं लिहा. जॅक घरातच व्हता, असं लिहा."

"अहो ताई, एकच अर्थ हाय की."

"मग लिहायला काय जातंय?"

त्यांनी लिहिलं. तिनं ते दोनदा वाचलं, शिवराजची सही घेतली, मोबाइलवर फोटो काढला आणि मगच पिशवी उचलली.

"उद्यापासून ये कामाला," शिवराज बुद्धघोषला म्हणाला. मग आवाज उतरवून, जणू मैत्रीनं, त्यानं विचारलं, "पर खरं सांग. मनात व्हतं ना तुझ्या? संगं न्यायचं?"

माझ्या सगळ्या आयुष्यात मला याच्याहून घाण वाक्य ऐकू आलेलं नाही.

बुद्धघोषनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"व्हतं मालक," तो म्हणाला. "चोवीस वर्षं व्हतं. आन् चोवीस वर्षं जॅक फळीवरच व्हता."

मग त्यानं खिशातून रुमाल काढला. चिंधी पोलिसांकडं जमा होती. माझ्या अंगावरची थुंकी त्यानं पुसली. वर्कशॉपमध्ये नेऊन माझ्या आट्यांमध्ये तेलाचे थेंब सोडले, तीन. फळीवरच्या गोल वणात मला बरोबर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा बघा. इथं हाय. चौघांनी बघून घ्या."

तो निळा जॅक त्यानं खांद्यावर घेतला आणि संघप्रियाच्या मागं फाटकातून निघून गेला. रुमाल त्यानं वाटेतल्या गटारात टाकला, हे मी दारातून पाहिलं.

तामलवाडीला 'पंचशील ट्रॉली वर्क्स' सुरू झालं आहे. ट्रॉलीवाले सांगतात. निळा जॅक तिथं वर येताना अजिबात आवाज करत नाही म्हणे. मी करकरतो. इथं मला कुणी पुसत नाही, आट्यांत माती बसली आहे. यंदा खंडेनवमीला माझ्या वाट्याला एक झेंडू आला. हार नवीन जॅकना. माझं गाऱ्हाणं त्याचं नाही.

बुडाशी राहिलेला डाग मात्र निघाला नाही. नवे कामगार त्याला गंज समजतात.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घेतलेली वस्तू जिथून घेतली तिथं ठेवा, मग तुम्ही घरचे जावई असा नाही तर नोकर, आणि वार शनिवार असो नाही तर सोमवार. वस्तू दिसली नाही तर आधी ती शोधा. जवळची भांडी हलवा, पाला बाजूला करा, घरातल्या सगळ्यांना विचारा, जावयालासुद्धा. ती खरोखर गेली आहे, कुणाच्या हातानं गेली आहे, हे नक्की झालं की मग खुशाल विचारा त्यानं का नेली. तोवर कुणाच्या मनात पाय ठेवू नका. तिथं तुम्हाला काही ना काही सापडेलच. सगळ्यांच्याच मनात सापडतं.

आणि गव्हाणीत थुंकू नका. आत कोण असेल, सांगता येत नाही.